डेन्व्हरचा बचाव आणि ३५ शॉटचा गैरसमज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाने १३ एप्रिल २०२४ रोजी सेंट पॉलमध्ये बोस्टन कॉलेजला २-० असे हरवून महाविद्यालयीन आइस हॉकीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या सामन्याचा विषय निघाला की अजूनही एकच वाक्य कानावर येते: बोस्टन कॉलेजने ३५ शॉट मारले, डेन्व्हरच्या गोलरक्षकाने सगळे अडवले, नशीब डेन्व्हरचे. पुढच्या वर्षी हाच संघ उपान्त्य सामन्यात वेस्टर्न मिशिगनकडून हरला, तेव्हा नशीब संपले असे म्हटले गेले. या दोन्ही वाक्यांत डेन्व्हर खेळते कसे, हेच राहून जाते. आम्ही या संघाचे चाहते आहोत आणि त्याचे सामने बारकाईने पाहतो, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी सविस्तर लिहीत आहोत.

आधी २०२४ च्या राष्ट्रीय स्पर्धेतले चार निकाल एका ओळीत ठेवू. स्पर्धेत १६ संघ असतात आणि एक सामना हरला की संघ बाहेर. स्प्रिंगफील्डला डेन्व्हरने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाला २-१ असे हरवले, तेही दुसऱ्या जादा सत्रात (सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा; बरोबरी राहिली तर जादा सत्रे). मग कॉर्नेलवर २-१. सेंट पॉलला उपान्त्य सामन्यात बोस्टन विद्यापीठावर पुन्हा २-१. जादा वेळेतला गोल ट्रिस्टन ब्रॉझचा. आणि अंतिम सामन्यात २-०. चार सामन्यांत डेन्व्हरने केलेले गोल ८, झालेले ३. बोस्टन विद्यापीठाकडे त्या हंगामाचा होबी बेकर पुरस्कार (सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा) मिळवलेला मॅक्लिन सेलेब्रिनी होता. बोस्टन कॉलेजकडे हंगामात ३८ गोल करणारा कटर गॉटिए, शिवाय विल स्मिथ, रायन लेनर्ड आणि गेब पेरॉ हे तिघे, २०२३ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचलले गेलेले. अशा संघांना एकापाठोपाठ एक आणि शून्य गोलांवर रोखणे एका रात्रीच्या दैवाने होत नाही.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्या हंगामात डेन्व्हर देशातल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या संघांपैकी एक होते. झीव्ह बुइअम हा बचावपटू असून त्याने विद्यापीठातल्या पहिल्याच वर्षी गोल आणि असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) मिळून ५० गुण कमावले. म्हणजे गोलांचा पाऊस पाडण्याची सवय असलेल्या संघाने, स्पर्धा एकेका सामन्याची झाल्यावर, कमी गोलांत सामना जिंकायचा कसा हे शिकून दाखवले. डेव्हिड कार्ल या प्रशिक्षकाचे आम्हाला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते याच ठिकाणी.

आता त्या ३५ कडे येऊ. अधिकृत नोंदीत शॉट कशाला म्हणतात हे माहीत असायला हवे. जो आत गेला, किंवा गोलरक्षकाने अडवला नसता तर आत गेला असता, तोच शॉट. वाटेत बचावपटूच्या पायाला लागलेला, खांबावर आदळून परतलेला, बाजूने निसटलेला फटका मोजला जात नाही. उलट ६० फुटांवरून, मध्ये कोणी नसताना आलेला सरळ फटका आणि गोलरक्षक आडवा सरकत असताना ८ फुटांवरून उघड्या बाजूला मारलेला फटका, दोन्ही नोंदवहीत एकएकच. फलंदाज किती चेंडू खेळला एवढेच सांगितले तर तो कसा खेळला हे कळत नाही. इथेही तसेच आहे.

कुठून मारला याला इतके महत्त्व का, ते साध्या हिशेबात दिसते. महाविद्यालयीन खेळाडूचा जोरदार फटका ताशी १३० किलोमीटरच्या आसपास धरला तर पक (या खेळातली रबराची चकती) सेकंदाला सुमारे ३६ मीटर जातो. निळ्या रेषेजवळून, म्हणजे साधारण ६० फुटांवरून, तो गोलपर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो. २० फुटांवरून सेकंदाचा जेमतेम सहावा भाग. डोळ्याने पाहून हात-पाय हलायला माणसाला साधारण एकपंचमांश सेकंद लागतो. म्हणून लांबचा फटका दिसत असेल तर चांगला गोलरक्षक तो पाहून अडवतो. जवळचा फटका पाहून अडवता येतच नाही. तिथे फटका मारला जाण्याआधीच गोलरक्षक योग्य जागी उभा असावा लागतो. गोलची चौकट ६ फूट रुंद, ४ फूट उंच. पुढे येऊन कोन बुजवला तर त्यातला फारच थोडा भाग उघडा राहतो. पण तेवढ्यात पक डावीकडून उजवीकडे दिला गेला तर तोच गोलरक्षक चुकीच्या जागी सापडतो. गोल होतात ते मुख्यतः अशा आडव्या पासमधून, नजरेआड राहिलेल्या फटक्यातून आणि रिबाउंडमधून, म्हणजे अडवल्यावर उसळून परतलेल्या पकातून.

अमेरिकेतले प्रशिक्षक गोलसमोरच्या धोक्याच्या जागेला ‘घर’ म्हणतात. गोलच्या दोन खांबांपासून दोन्ही बाजूंच्या फेसऑफच्या ठिपक्यांपर्यंत (जिथे दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू होतो) तिरक्या रेषा काढा, तिथून त्यांच्याभोवतीच्या वर्तुळांच्या माथ्यापर्यंत सरळ वर जा आणि माथे आडवे जोडा. घराचा आकार होतो. हे ठिपके गोलरेषेपासून २० फुटांवर आणि एकमेकांपासून ४४ फुटांवर असतात. वर्तुळाची त्रिज्या १५ फूट, म्हणजे घराची वरची कड गोलरेषेपासून ३५ फुटांवर. आघाडी मिळाल्यावर डेन्व्हरचा सगळा बचाव या घराभोवती चालतो. पक कोपऱ्यात असला तर एक जण त्याच्यावर, दुसरा त्याच्या आधाराला, सेंटर (मधला आघाडीपटू) गोलच्या तोंडाशी आणि बाजूचे दोघे आघाडीपटू निळ्या रेषेवरच्या प्रतिस्पर्ध्यांना मोकळे सोडून आत सरकलेले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हे दबले, घाबरले. प्रत्यक्षात बाहेरून मारायला जागा दिलेली असते आणि आत काठ्यांची दाटी केलेली असते, म्हणजे आडवा पास कुठल्या तरी काठीला लागतोच.

असा खेळ करताना काय चुकते, तेही सांगायला हवे. पहिली चूक फटका अडवायला खाली बसणाऱ्याची. तो फटक्याच्या अगदी जवळ जाऊन बसला तर पक त्याच्या अंगाला लागतो. मध्येच, गोलपासून पंधरा-वीस फुटांवर बसला तर पक त्याला लागत नाही आणि आपल्याच गोलरक्षकाची नजर मात्र झाकली जाते. दोन्ही स्केटमध्ये फट राहिली तर पक त्यातून जातो आणि गोलरक्षकाला तो उशिरा दिसतो. दुसरी चूक गोलच्या तोंडाशी उभ्या प्रतिस्पर्ध्याबाबत. त्याला पाठीत ढकलत बसले तर तो गोलरक्षकाच्याच अंगावर जातो आणि पेनल्टीही, म्हणजे काही मिनिटे बाहेर बसण्याची शिक्षाही, ओढवते. योग्य काम म्हणजे त्याची काठी उचलून धरणे किंवा तिच्यावर आपली काठी दाबणे, कारण पकाची दिशा बदलतो तो काठीने. तिसरी चूक सर्वांत महाग. दोघे जण एकाच पकवाल्याकडे धावतात आणि घराच्या मध्यभागी कोणीच उरत नाही. त्या अंतिम सामन्याचे तिसरे सत्र ज्यांनी पाहिले असेल त्यांनी पुन्हा पाहावे आणि पक सोडून फक्त घराच्या मध्यावर नजर ठेवावी. तिथे डेन्व्हरचा माणूस जवळजवळ कायम सापडेल.

डेन्व्हरचा गोलरक्षक मॅट डेव्हिस याचे श्रेय यामुळे कमी होत नाही. त्या ३५ पैकी निम्म्याहून जास्त बचाव त्याला एकट्या तिसऱ्या सत्रात करावे लागले आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची झालेली निवड पूर्णपणे योग्य होती. पण त्याचा खेळ नेत्रदीपक झेपांसाठी पाहणाऱ्यांच्या हातून खरी कारागिरी सुटते. ती रिबाउंडमध्ये असते. छातीवर आलेला पक अंग किंचित मागे घेऊन पोटाशी दाबून धरायचा, म्हणजे खेळ थांबतो. बर्फालगत आलेला पक काठीचे पाते तिरके करून कोपऱ्यात वळवायचा. पायाच्या पॅडवर आलेला पक मात्र जोरात उसळतो, आणि हे माहीत असल्यामुळे हुशार आघाडीपटू गोल करण्यासाठी मारतच नाही. तो दूरच्या पॅडवर बर्फालगत मारतो, म्हणजे उसळलेला पक थेट साथीदाराच्या काठीवर यावा. यावर गोलरक्षकाचा उपाय एकच: पॅड फटक्याला पूर्ण समोरासमोर न ठेवता गुडघा किंचित वळवून पक घराबाहेर ढकलणे. पक गोलच्या मागे किंवा खांबाजवळ असताना एक पॅड बर्फावर आडवे टाकून खांबाला टेकून बसण्याची पद्धत आता सगळेच वापरतात. तिच्यात खालची बाजू बंद होते, पण खांद्याच्या वर, जवळच्या खांबाकडे एक छोटी खिडकी उघडी राहते. लवकर बसला की ती खिडकी दिसते. दमलेला गोलरक्षक लवकर बसतो, आणि सत्राच्या शेवटी पाहण्यासारखी गोष्ट हीच असते.

आता त्या गोष्टीकडे येतो जी मराठीत कोणी लिहिलेली आमच्या वाचनात नाही, आणि जिच्याशिवाय डेन्व्हरचे सामने समजत नाहीत: बदलीचे अंतर. दोन्ही संघांचे बाक रिंकच्या एकाच बाजूला असतात. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात प्रत्येक संघाचा बाक स्वतःच्या गोलच्या अर्ध्या भागात येतो. दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात, बाक मात्र तिथेच राहतात. त्यामुळे दुसऱ्या सत्रात बचाव करणाऱ्या खेळाडूला बदली घ्यायला मध्यरेषा ओलांडून पलीकडे जावे लागते. आइस हॉकीत एक पाळी, म्हणजे बदली घेण्याआधीचा बर्फावरचा सलग वेळ, ४० ते ५० सेकंदांची असते. त्यानंतर पाय जड होतात. पहिल्या सत्रात दमलेला बचावपटू पक थोडा बाहेर काढून दोन-तीन ढांगांत बाकावर पोचतो. दुसऱ्या सत्रात तेवढाच पक बाहेर काढून भागत नाही. तो अडकतो, पाळी ७० सेकंदांवर जाते, ९० वर जाते, आणि मग चूक होते. चांगले संघ दुसऱ्या सत्रात मुद्दाम पक प्रतिस्पर्ध्याच्या भागात फिरवत ठेवतात आणि स्वतःचे आघाडीपटू एकेक करून बदलतात, कारण आता जवळचा बाक त्यांचा असतो. समोरचे पाच तेच, दमलेले. आपले पाच ताजे.

२०२४ च्या अंतिम सामन्यात जॅरेड राइट आणि रीगर लॉरेन्झ यांचे दोन्ही गोल दुसऱ्या सत्रातलेच होते. आणि मग दोन गोलांची आघाडी घेऊन डेन्व्हर तिसऱ्या सत्रात आले, जिथे बचाव करणाऱ्याचा बाक जवळ असतो. तिसऱ्या सत्रात शॉटचा वर्षाव होऊनही डेन्व्हरचे पाचही जण बहुतेक वेळा ताजे होते. ज्या संघाला दुसऱ्या सत्रात आघाडी घेता येते आणि तिसऱ्यात छोट्या पाळ्यांनी ती राखता येते, त्याने घड्याळ आणि बाक दोन्ही आपल्या बाजूला वळवलेले असतात. बोस्टन कॉलेजच्या त्या दर्जाच्या आघाडीपुढे एवढी शिस्त टिकवणे ही त्या हंगामातली सर्वांत सुंदर गोष्ट होती, असे आमचे ठाम मत आहे.

पक बाहेर काढण्याचेही असेच. स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेला पक कोणाला न लागता प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे गेला तर आयसिंग होते. फेसऑफ पुन्हा आपल्याच गोलशेजारी, आणि ज्या संघाने आयसिंग केले त्याला बदली घेता येत नाही. दमलेले पाच, समोर ताजे पाच, आणि पक आपल्या गोलपासून २० फुटांवर. आघाडीवर असलेल्या संघाने याहून वाईट काही करू नये. म्हणून पक उंच काचेवर आपटून असा काढतात की त्याचा जोर वाटेतच मरावा आणि तो मध्यरेषेच्या थोडा पलीकडे पडावा. नाहीतर खेळाडूने पक घेऊन आधी मध्यरेषा गाठावी आणि मगच पुढे ढकलावा. हे करताना अर्धा सेकंद जास्त लागतो आणि अंगावर धडक बसते. ती धडक खाणारा खेळाडू गुणतक्त्यात कुठेच दिसत नाही.

फेसऑफबद्दल थोडक्यात. २०२३ च्या अंतिम सामन्यात क्विनिपिॲकने मिनेसोटाला ३-२ असे हरवले तो जेकब क्विलनचा गोल जादा वेळेच्या अवघ्या दहाव्या सेकंदाला झाला. मधला फेसऑफ, ठरवलेली चाल आणि गोल. पक कोणी मागे ओढला यापेक्षा बाजूचे दोघे पहिल्या दोन ढांगांत कुठे गेले यावर पुष्कळ ठरते. सेंटरचा तळहात खाली असेल, म्हणजे काठी उलट्या पकडीत असेल, तर तो पक मागे ओढणार हे समोरच्याला दिसत असते. तरी ते थांबवता येते असे नाही.

शेवटच्या क्षणी गोलसमोर भिंत उभी करणे डेन्व्हरला नवे नाही. २००४ चा अंतिम सामना बोस्टनमध्ये झाला. डेन्व्हरने मेन विद्यापीठाला १-० असे हरवले आणि शेवटच्या सुमारे दीड मिनिटात डेन्व्हरचे दोन खेळाडू पेनल्टीत बसलेले होते. मेनने गोलरक्षक काढून सहावा आघाडीपटू आणला. तिघांविरुद्ध सहा. तिघांनी त्रिकोण धरला, बाहेरून मारू दिले, आत कोणाला येऊ दिले नाही. मागे गोलरक्षक ॲडम बर्कहोल होता. २०२४ चे तिसरे सत्र पाहताना जुन्या चाहत्यांना तो सामना आठवला असणारच. याच्या उलट उदाहरण २०२२ चे. दोन सत्रांनंतर मिनेसोटा स्टेटविरुद्ध ०-१ अशी पिछाडी, आणि तिसऱ्या सत्रात पाच गोल करून ५-१ असा विजय. म्हणजे २०२२ मध्ये तिसऱ्या सत्रात हल्ला, २०२४ मध्ये तिसऱ्या सत्रात बचाव, आणि दोन्ही वेळा प्रशिक्षक तोच. २०२४ चे विजेतेपद डेन्व्हरचे दहावे. तोवर कुठल्याही विद्यापीठाला या खेळात दहाचा आकडा गाठता आला नव्हता.

काही जण डेन्व्हरच्या यशाचे कारण शहराच्या उंचीत शोधतात. शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे, हवा विरळ आहे, पाहुण्या संघाला शुक्रवारी आणि लगेच शनिवारी सामना खेळताना धाप लागते हे खरे. डेन्व्हरच्या घरच्या मॅग्नेस अरीनात त्याचा फायदा होत असेल. पण राष्ट्रीय स्पर्धेचे ते चारही सामने स्प्रिंगफील्ड आणि सेंट पॉलला झाले. तिथे उंचीचा प्रश्नच येत नाही.

आता २०२५. त्या वर्षी स्पर्धा सुरू झाली तेव्हा डेन्व्हरने अमेरिकेतल्याच मँचेस्टरमध्ये प्रॉव्हिडन्सला ५-१ आणि पुन्हा बोस्टन कॉलेजलाच ३-१ असे हरवून अंतिम चौघांत जागा मिळवली. नशिबाची गोष्ट करणाऱ्यांनी याकडे जरूर पाहावे: स्पर्धेतला अव्वल मानांकित संघ सलग दोन वर्षे तोच, त्याला बाहेर काढणारा संघही तोच, आणि दोन सामन्यांत मिळून त्या संघाचा एकच गोल.

मग १० एप्रिलला सेंट लुइसमध्ये वेस्टर्न मिशिगनसमोर ३-२ अशी हार, दुसऱ्या जादा सत्रात. तीन आठवड्यांच्या आत दुसऱ्यांदा. लीगच्या अंतिम सामन्यातही वेस्टर्न मिशिगनने डेन्व्हरला ४-३ असे, दुसऱ्या जादा सत्रातच हरवले होते. उपान्त्य सामन्यात डेन्व्हरने दोन गोलांची पिछाडी तिसऱ्या सत्रात भरून काढली, त्याचे कौतुक झाले, आणि व्हायलाच हवे. पण मूळ दुखणे त्या पिछाडीतच होते. वेस्टर्न मिशिगनने डेन्व्हरच्या घरात घुसण्याची घाई केली नाही. त्यांनी पक बचावपटूंच्या पाठीमागे टाकला आणि त्यांना वळायला लावले. बुइअमसारखा बचावपटू समोर तोंड करून पक घेतो तेव्हा खेळ त्याच्या हातात असतो. पाठ फिरवून, कोपऱ्यात, अंगावर माणूस येत असताना पक घ्यायला लागला की त्याच्याकडचे अर्धे पर्याय संपतात. आघाडी घेऊन घराभोवती भिंत बांधणे ही डेन्व्हरची ताकद. पिछाडीवर असताना भिंत सोडून पुढे यावे लागते आणि मागची जागा उघडी पडते. प्रतिस्पर्ध्याने पहिला गोल केला की या संघाचे अर्धे शास्त्र बाजूला राहते, हा दोष आम्हाला चाहते असूनही मान्य आहे.

विजयी गोल ओवेन मायकेल्सने दुसऱ्या जादा सत्राच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच केला. त्याला योगायोग म्हणून सोडून देऊ नये. बाद फेरीतली जादा सत्रे पूर्ण २० मिनिटांची असतात आणि मधल्या विश्रांतीत बर्फ नव्याने गुळगुळीत केला जातो. सत्राच्या अखेरीस बर्फावर भुगा साठतो, पास अडखळतात, पक उड्या मारतो. नव्या बर्फावर तोच पास सरळ आणि वेगाने जातो. गोलरक्षक मात्र नुकताच बसून उठलेला असतो, अंग थंड झालेले असते आणि नजर अजून पकाच्या वेगाशी जुळलेली नसते. म्हणून जादा सत्राच्या पहिल्या दोन पाळ्यांत कोणत्या ओळी (एकत्र उतरणारी आघाडीपटूंची त्रिकुटे) उतरवायच्या हा प्रशिक्षकाचा मोठा निर्णय असतो. काही जण सर्वांत धोकादायक ओळ पाठवतात, काही जण सर्वांत भरवशाची. आमच्या मते पाचव्या सत्रात भरवशाची ओळ आधी पाठवावी, कारण तोवर खेळाडूंच्या पायांत ८० मिनिटांचा खेळ साठलेला असतो आणि पहिली चूक तिथेच होते. दोन दिवसांनी वेस्टर्न मिशिगनने बोस्टन विद्यापीठाला ६-२ असे हरवून पहिलेवहिले विजेतेपद मिळवले. डेन्व्हर हरले ते त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघाकडून, यात आम्हाला शंका नाही.

त्यानंतर चित्र बदलले आहे. बुइअम त्या पराभवानंतर लगेच मिनेसोटाच्या एनएचएल संघाकडे गेला. १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांनाही अमेरिकी विद्यापीठांकडून खेळता येऊ लागले आणि गॅव्हिन मॅकेनासारखा खेळाडू पेन स्टेट विद्यापीठात आला. अशाने प्रत्येक संघात दरवर्षी नवे चेहरे येणार आणि चांगले लवकर जाणार. आघाडीच्या खेळाडूला नव्या संघात मिसळायला वेळ कमी लागतो. घराभोवतीची बचावाची रचना मात्र पाच जणांना एकमेकांच्या सवयी माहीत झाल्याशिवाय उभी राहत नाही. विद्यापीठाचे संघ हंगामात साखळीचे तीस-पस्तीस सामने खेळतात, बहुतेक आठवड्याच्या शेवटी, आणि मधले दिवस सरावाला मिळतात. एनएचएलच्या ऐंशीहून जास्त सामन्यांच्या धबडग्यात तो सराव मिळत नाही. डेन्व्हरसारख्या संघाची शिस्त त्या सोमवार ते गुरुवारच्या सरावातून आलेली असते, आणि सततच्या खेळाडू-बदलात हाच सराव वाया जाण्याची आम्हाला काळजी वाटते.

शेवटी आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. महाविद्यालयीन आइस हॉकीचा निकाल छापताना एकूण शॉटच्या जागी सत्रवार शॉट द्यावेत. ३५ हा आकडा आणि ‘निम्म्याहून जास्त तिसऱ्या सत्रात, ०-२ अशा पिछाडीवर असताना’ ही माहिती, यांतून वाचकाला अगदी वेगळे सामने दिसतात. गोल कितव्या मिनिटाला झाला आणि दोन्ही संघ पाच-पाच असताना झाला की पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू पेनल्टीत असताना), तेही हवे. रिकाम्या गोलमध्ये मारलेला गोल असेल तर तसे लिहावे, नाहीतर अटीतटीचा सामना एकतर्फी वाटतो. जादा वेळ कोणती, हे तर नक्कीच स्पष्ट करावे: साखळी सामन्यात ती पाच मिनिटांची आणि तिघांविरुद्ध तिघांची असते, राष्ट्रीय स्पर्धेत पूर्ण सत्राची आणि पाचांविरुद्ध पाचांची. डेन्व्हर ज्या लीगमध्ये खेळते तिथे नियमित वेळेतल्या विजयाला ३ गुण, जादा वेळेतल्या विजयाला २ आणि तिथे हरणाऱ्याला १ गुण मिळतो. नुसते ‘३-२ ने विजय’ छापले तर गुणतक्ता वाचणाऱ्याचा हिशेब जुळत नाही. आणि जागा उरलीच तर दोन्ही गोलरक्षकांची नावे छापावीत.

आपले,
डेन्व्हर संघाचे काही चाहते